सुनेला न विचारता भरलेलं तळं



श्रावण आला की घरोघरी कहाण्या वाचल्या जातात. शिळासप्तमीची कहाणी त्यातलीच. आपण ती भक्तीनं ऐकतो, पाया पडतो आणि कामाला लागतो. आज त्या कहाणीतल्या पाण्याबद्दल जरा बोलू या.

कहाणी तुम्हाला ठाऊक आहेच. एका राजानं गाव वसवलं, तळं बांधलं, पण तळ्याला काही केल्या पाणी लागेना. त्यानं जलदेवतांची प्रार्थना केली. त्या म्हणाल्या, सुनेचा थोरला मुलगा दे, पाणी लागेल. सून कशी कबूल होणार? मग राजानं तिला माहेरी पाठवलं आणि नातवाला मागे ठेवून घेतलं. त्याला न्हाऊ-जेवू घातलं, दागिने घातले आणि तळ्यात नेऊन निजवलं. तळं भरलं. पुढे सून भावाबरोबर परत येताना त्याच तळ्यापाशी थांबली. सप्तमीचा दिवस होता. तिनं काकडीच्या पानावर दहीभात ठेवून पाण्याची पूजा केली. आपल्या वंशातलं कुणी बुडालं असेल तर परत दे, असं मागितलं. तेव्हा तिचंच लेकरू पाण्यातून वर आलं.

या जलदेवता कोण? आपल्या खेड्यांत त्यांना साती आसरा म्हणतात. हा शब्द ‘अप्सरा’वरून आला. विहिरीच्या काठाला, नदीच्या डोहाशी शेंदूर लावलेले सात दगड मांडलेले असतात, त्या ह्याच. मासा, कासव, खेकडा, बेडूक, मगर अशा पाण्यातल्या जिवांवरून त्यांची नावं पडली आहेत. बायका त्यांची ओटी भरतात आणि त्यांना भितातही. पाणी जगवतं, तसं ते माणूस ओढूनही नेतं. ज्या बाईला रोज विहिरीच्या काठावर उभं राहावं लागतं, तिला दोन्ही गोष्टी ठाऊक असतात. म्हणून आपल्या लोकांनी पाण्याला नुसती आई म्हटलं नाही, तिच्यात धाकही ठेवला.

पण पाण्यानं बळी मागितला, असं का सांगितलं गेलं? याचं थोडं उत्तर आपल्या जमिनीत आहे. दख्खनचं पठार काळ्या पाषाणाचं. या खडकाच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरातच पाणी सापडतं. एका ठिकाणी झरा लागतो, दहा पावलांवर कोरडं दगडच निघतं. महिनोन्‌महिने खणायचं, पैसा आणि घाम ओतायचा, आणि पाणी नाही. अशा वेळी माणसाला वाटतं, कुणीतरी रुसलंय, काहीतरी द्यावं लागेल. शेजारच्या कर्नाटकातही असंच एक लोकगीत आहे, ‘केरेगे हार’, म्हणजे तळ्याला आहुती. त्यात तळ्याला पाणी लागावं म्हणून घरातली धाकटी सून भागीरथी दिली जाते. तिचं नावही गंगेचं, आणि तीच पाण्यात जाते.

कहाणीत सांगितलं तसंच कुठे घडलं, असं आम्ही म्हणत नाही. पण कहाणी एक खरी गोष्ट जपून ठेवते. पाणी साऱ्या गावाला मिळालं, त्याची किंमत मात्र सुनेच्या पदरातून गेली, आणि तिला कुणी विचारलंही नाही. तिला माहेरी पाठवलं, कारण विचारलं असतं तर ती ‘नाही’ म्हणाली असती. ही कहाणी बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, आणि शेवटी लेकरू परत आणलं ते राजानं नाही, तिच्या व्रतानं. आम्हाला वाटतं, यात बायकांची तक्रारही आहे आणि आशाही.

आता कहाणीतून इतिहासात येऊ. पाण्याबद्दल बाईनं स्वतः हुकूम दिला, असंही आपल्याकडे घडलं आहे. चौंडी गावात 1725 साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी देशभर विहिरी, बारवा आणि घाट बांधले. तिथं सुनेला माहेरी पाठवलं नाही. सूनच राज्य चालवत होती.

पण पाणी बांधलं म्हणजे ते सगळ्यांचं झालं, असंही नाही. ज्या पाण्याला आपण गंगामाई म्हणतो, त्याच पाण्यावर कितीतरी मायबहिणींना घागर भरू दिली जात नव्हती. कुणी वरून ओंजळीत ओतेल तेवढंच त्यांचं. 1868 साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. महाडचं चवदार तळं सार्वजनिक होतं. तिथं गुरंढोरं पाणी पीत, पण दलितांना मनाई होती. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तिथं गेले आणि ते पाणी प्याले. त्यानंतर काही लोकांनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. खटला चालला, आणि 1937 साली मुंबईच्या उच्च न्यायालयाचा निकाल दलितांच्या बाजूनं लागला. दहा वर्षं लागली, एक ओंजळ पाण्याला.

कहाणीतली जलदेवता जात विचारत नाही. तिच्या काठावरची माणसं विचारतात.

म्हणून आपल्या गटातल्या बायकांना आमचं एवढंच सांगणं. सप्तमीला पूजा जरूर करा. पण गावात नवी विहीर कुठे खणायची, नळ कुठल्या आळीला आधी द्यायचा, टाकीची किल्ली कुणाकडे ठेवायची, हे ठरतं तेव्हा तिथं बसा. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. ग्रामसभेत बोलायला तर कुठलं पदही लागत नाही. वस्तीतल्या शेवटच्या घरातल्या बाईलाही सोबत घेऊन जा. तिला रांगेत किती वेळ उभं राहावं लागतं, ते तिलाच विचारा, आणि तिलाच तिथं सांगू द्या.

सुनेला माहेरी पाठवून पाण्याचा निर्णय घेणं, कहाणीत पुष्कळ झालं. आता तिच्या देखत होऊ दे.