बॅस्टिबलचं माहेर

आयर्लंडच्या दक्षिणेतल्या जुन्या खेडूत घरांत भांडीकुंडी मोजकीच असत. त्यांत मान बॅस्टिबलचा. बिडाचं, सपाट बुडाचं, तीन आखूड पायांचं, वर जड झाकण. दलदलीतून कापून वाळवलेल्या टर्फच्या विस्तवावर ते टांगायचं, आत कणकेचा गोळा ठेवायचा आणि चिमट्याने निखारे उचलून झाकणावरही रचायचे. पाव झाला की नाही, हे त्याच्या बुडावर टकटक करून कळे. पोकळ आवाज आला की उतरवायचा.

हे नाव आयरिश नाही. कोशकार बोट दाखवतात ते इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या बार्नस्टेपल बंदराकडे. आणि गंमत म्हणजे हे गाव नावाजलेलं होतं ते कुंभारांसाठी! १७व्या शतकात तिथले आणि शेजारच्या बिडफर्डचे कुंभार मातीत खडी मिसळून तयार भट्ट्या घडवत आणि जहाजांतून आयर्लंडला, अगदी अमेरिकेलाही पाठवत. व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनच्या उत्खननात अशी एक सापडली आहे.

आता शंकेखोर विचारतील, त्या भट्टीत जाळ आतच करायचा, राख ओढून काढायची, मग पाव सरकवून दार बंद करायचं. बॅस्टिबलला तर आच बाहेरून. दोन्हींचं नाव एक कसं? आक्षेप वजनदार आहे, पण मला तो पटत नाही. गरिबाच्या घरात भिंतीतली भट्टी नसायचीच. विकत आणून चुलीपाशी ठेवता येईल अशी भट्टी ती बार्नस्टेपलची, एवढंच लोकांच्या डोक्यात बसलं असणार. १७०७ साली अब्राहम डार्बीने वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतायचं पेटंट घेतलं, पुढे बीड स्वस्त झालं, माती गेली, नाव राहिलं. लोणच्याची चिनी मातीची बरणी तरी आपण कुठे चीनहून आणतो? राहिला ‘प’चा ‘ब’. अमेरिकेत केप कॉडला याच गावावरून नाव पडलेलं एक गाव आहे, ते स्वतःला बार्नस्टेबलच म्हणवतं.

शिवाय बॅस्टिबल हा शब्द मुख्यतः दक्षिणेतला, म्हणजे डेव्हनशी समुद्री व्यापार असलेल्या बाजूचा. उत्तरेत त्याच भांड्याला सरळ ‘पॉट अव्हन’ म्हणतात.

ज्या सोडा ब्रेडमुळे बॅस्टिबल आज प्रसिद्ध आहे, तो मात्र बराच धाकटा. खायचा सोडा आणि ताक घालून पाव भाजायची रीत आयर्लंडमध्ये रुळली ती १९व्या शतकात.