लायकीचा हिशेब

‘मी कोणत्या तोंडाने प्रार्थना करू?’ हा उद्गार ख्रिस्ती घरांत पुष्कळदा ऐकू येतो आणि तो काढणाऱ्याला आपण नम्र समजतो. गर्व माणसाला देवापासून तोडतो, लाज मात्र त्याला देवाजवळ आणते, अशी सर्वसाधारण धारणा आहे. म्हणून गर्विष्ठाला ताकीद मिळते, आणि लाजणाऱ्याला आपण त्याच्या कोपऱ्यात राहू देतो. आधी सुधारेल, मग येईल. ही धारणा शास्त्राला धरून नाही आणि तिने माणसे दुरावतात, असे माझे मत आहे.

पूर्वपक्षाजवळ पुरावे नाहीत असे नाही. मत्तय 8 मधला शताधिपती म्हणतो की, येशूने आपल्या छपराखाली यावे एवढी आपली योग्यता नाही. येशू त्याच्याच विश्वासाची वाखाणणी करतो. लूक 18 मधला जकातदार दूर उभा राहतो, मान वर करत नाही, आणि परूशाऐवजी तोच नीतिमान ठरून घरी जातो. मग अयोग्यतेची जाणीव हीच भक्तीची खूण नव्हे काय?

जाणीव खरीच, पण ती या दोघांना अडवत नाही. शताधिपती चाकरासाठी मागतोच. जकातदार दूर उभा असला तरी मंदिरात आलेला आहे आणि दया मागतो आहे. मी ज्या लाजेविषयी बोलतो आहे, ती मागूच देत नाही.

तिचे मूळ लूक 15 मध्ये दिसते. उधळ्या पुत्राने घरी काय बोलायचे ते दूरदेशीच जुळवून ठेवले होते. आपण मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, आपल्याला मोलकऱ्यांत ठेवावे, अशी ती विनंती. प्रत्यक्षात बाप धावत येऊन गळ्यात पडतो आणि मजुरीची गोष्ट बोलायची राहूनच जाते. काही प्राचीन हस्तलिखितांत ती इथे पुन्हा आली आहे हे मान्य; पण त्या पाठातही बाप तिला उत्तर देत नाही, उत्तम झगा आणायला सांगतो. पुढे थोरला भाऊ अंगणात अडून बसतो. इतकी वर्षे सेवा केली, एक करडूही मिळाले नाही, ही त्याची तक्रार. एकाला लाजेने मजुरी हवी आहे, दुसऱ्याला गर्वाने. दोघेही बापाच्या घरात लायकीचा हिशेब मांडतात, आणि बाप तो दोघांचाही स्वीकारत नाही. लाज आणि गर्व परस्परविरोधी मानणाऱ्यांनी ही कथा अर्ध्यावरच सोडलेली असते.

कधी दोन्ही एकाच माणसात नांदतात. चौथ्या शतकात रोममध्ये मारियुस विक्टोरिनुस हा नामांकित वक्तृत्वशिक्षक होता; चौकात त्याचा पुतळा होता. त्याची हकीकत ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’च्या आठव्या पुस्तकात सांगितली आहे. आपण मनाने ख्रिस्ती झालो आहोत असे तो आपल्या ख्रिस्ती स्नेह्याला, सिम्प्लिकियानुसला, खासगीत सांगे, पण मंडळीत पाऊल टाकत नसे. प्रतिष्ठित मित्र काय म्हणतील, ही त्याची धास्ती. हिला लाज म्हणावे की मोठेपणाचा अभिमान? मला तरी त्यात भेद करता येत नाही. अखेर तो गेला. संकोची माणसांना विश्वासाची कबुली खासगीत देण्याची सवलत असे. ती मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी पुढे केली, त्याने नाकारली आणि सर्वांदेखत कबुली दिली.

लायकी न पाहता बोलावल्याने कृपा स्वस्त होईल, सुधारण्याची गरजच उरणार नाही, हा आक्षेप गंभीर आहे. त्याला शुभवर्तमानातल्या जकातदार जक्कयाकडे पाहून उत्तर देता येते. त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे ठरवले, ते येशू त्याच्या घरी उतरल्यावर. भेटीआधी त्याला कोणतीही अट घातलेली नव्हती.

राहिला प्रभुभोजनाचा मुद्दा. अयोग्य प्रकारे भाकर खाणारा दोषी ठरतो, हे 1 करिंथ 11 मधले वचन पुढे करून कितीतरी जण वर्षानुवर्षे मेजापासून दूर राहतात, आणि त्यांना कोणी बोलावत नाही. पण पौलाचा राग तिथे कोणावर आहे? आधीच जेवून घेऊन ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवणाऱ्या खात्यापित्या लोकांवर. आणि आत्मपरीक्षण करायला सांगून तो लगेच त्या भाकरीतून खायलाही सांगतो.