भंडारदऱ्याच्या पाण्यावरून

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही काही शिक्षक शेंडी गावाहून होडीत बसलो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याला समुद्र नाही; पण अकोले तालुक्यातला भंडारदऱ्याचा आर्थर जलाशय ती हौस पुरवतो. दोन्ही बाजूंना डोंगर, समोर रतनगड, मागे धरणाची भिंत. होडीला घाई नव्हती, आम्हालाही नव्हती.

काठाकाठाने उघड्या मातीचा रुंद पट्टा दिसत होता. पावसाळ्याअखेर पाणी कुठवर चढले होते, त्याची ती खूण. मग एवढे पाणी गेले कुठे?

या प्रश्नाचे उत्तर पावसात आणि दुष्काळात आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर, घाटघर-रतनवाडीकडे, वर्षाला सुमारे ५००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात तो ६०० मिलिमीटरही गाठत नाही. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी दख्खनचे पठार होरपळून निघाले. १९०१ मध्ये सरकारने पाटबंधारे आयोग नेमला. घाटमाथ्याचे खात्रीचे पाणी अडवून कोरड्या पठाराकडे न्यावे, हा विचार त्यातून बळावला. प्रवरा नदीवरील या धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पुरे झाले. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले.

भिंतीची उंची सुमारे ८२ मीटर. जलाशयात सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी मावते. सोडलेले पाणी नदीतूनच ओझर बंधाऱ्यापर्यंत जाते व तेथून दोन कालव्यांत शिरते. याच पाण्यावर खाली ऊस वाढला आणि १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आमच्यासमोरचा मातीचा पट्टा म्हणजे खालच्या शेतांत गेलेले पाणी!

होडीतून शांत दिसणारे हे पाणी स्वस्थ मात्र बसलेले नसते. ८० मीटर खोलीवर ते दर चौरस मीटरला सुमारे ८० टन दाब देते. अशी दगडी भिंत स्वतःच्या वजनावर उभी असते. पण पाणी पायातल्या आणि बांधकामातल्या फटींत झिरपले, की ते वरच्या दिशेनेही रेटते आणि भिंतीचे वजन जणू कमी होते. यालाच उत्थापक दाब म्हणतात. १८९५ मध्ये फ्रान्समधले बूझे धरण फुटले, तेव्हा या दाबाकडे अभियंत्यांचे लक्ष वेधले गेले. तरी तो हिशोबात किती धरावा, यावर पुढे बरीच वर्षे एकमत नव्हते.

भंडारदऱ्यालाही त्याचा अनुभव आला. १९६९ मध्ये भिंतीला तडे गेले व गळती वाढली. खाली नदीकाठी वसलेल्या गावांचा विचार केला, की हा प्रसंग केवढा गंभीर होता ते कळते. पुढील वर्षांत भिंतीला मागून आधारभिंती बांधून ती बळकट केली गेली. धरण आजही उभे आहे, ते १९२६ च्या कामाइतकेच त्या दुरुस्तीमुळे.

हाच मुद्दा वर्गात सहज दाखवता येईल. ताणकाट्याला दगड टांगून तो बादलीतल्या पाण्यात बुडवावा. काट्यावरचे वजन किती उतरले, ते मुलांनीच वाचावे.

रतनवाडीच्या बाजूला पाणी आटलेले होते. होडी अलीकडेच थांबली आणि अमृतेश्वराच्या जुन्या दगडी मंदिरापर्यंत आम्ही चालत गेलो. वाटेत डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका भेटल्या. कालवा उताराने वाहतो; धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाड्यांना तो कसा मिळणार? पाऊस त्यांच्या डोंगरावर पडतो, जलाशय त्यांच्या दारात आहे, आणि उन्हाळ्यात त्यांना विहिरीचा तळ पाहावा लागतो. धरणाचा धडा शिकवताना ‘त्यामुळे पाण्याची सोय झाली’ हे वाक्य आपण फळ्यावर लिहितो. कोणाची झाली, हा प्रश्नही मुलांना त्याखाली लिहायला सांगावा, असे परतताना आम्ही ठरवले.