शाळेच्या घंटेचा रूळ

आमच्या शाळेला पितळी घंटा नव्हती. व्हरांड्याच्या वाशाला जाड तारेनं हातभर लांबीचा रुळाचा तुकडा टांगलेला असे आणि शिपाईमामा त्यावर लोखंडी बोल्टानं टोले देत. महाराष्ट्रातल्या किती शाळांत हे दृश्य होतं, अजूनही आहे. जुन्या रुळांच्या बाजूवर उठावदार अक्षरं असतात, घडवणाऱ्या कारखान्याची आणि सालाची. आमच्या तुकड्यावर गंज चढून एवढंच वाचता येई की ती अक्षरं रोमन आहेत. आगगाडी इथली, वाट इथली, घंटा आमच्या शाळेची, मग लोखंड कुठलं, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही 34 किलोमीटरची पहिली प्रवासी गाडी धावली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तिची तीन इंजिनं विलायतेहून आली होती आणि खालचे रूळही तिथूनच. बोरीबंदरच्या धक्क्यावर उतरलेल्या त्या लोखंडापासून रुळाचं आपल्याकडचं घराणं सुरू होतं. भाषेनं त्याला चटकन घरात घेतलं. गाडी रुळावर येऊ लागली, बोलणं रुळावरून घसरू लागलं. त्याच सुमारास भाषेतून एक जुना शब्द मात्र हळूहळू निसटत होता. मोल्सवर्थच्या कोशात पोलादासाठी ‘तिखें’ हा शब्द आहे. आज तो वापरणारं माणूस मला भेटलेलं नाही. फारसीतून आलेलं ‘पोलाद’ तेवढं टिकलं.

शब्द होता, कारण वस्तू होती. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरच्या आसपास धावड नावाची मुसलमान जमात जांभ्यातलं लोह गाळत असे. मध्य भारतात हेच काम आगरिया करत. पुरुषाच्या छातीएवढी मातीची भट्टी, कातड्याचे भाते, आत एक थर कोळशाचा आणि एक थर खनिजाचा. लोखंड वितळायला पंधराशे अंशांहून जास्त उष्णता लागते. या भट्टीत ते वितळत नसे, मऊ होऊन सच्छिद्र गोळ्यासारखं तळाशी जमे. तो गोळा लालबुंद असतानाच घणांनी ठोकून त्यातली मळी पिळून काढायची. दक्षिणेत सेलमकडे याच्या पुढची पायरी होती. अशा लोखंडाचे तुकडे मातीच्या मुशीत घालायचे, सोबत तरवडाची सुकी काटकी, वर रुईची हिरवी पानं, मूस लिंपून बंद करायची आणि तापवायची. काटक्या-पानांतला कार्बन लोखंडात उतरला की पोलाद झालं. बांधावरच्या तरवडाकडे आणि रुईकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेनं पाहतो. या पोलादाला कानडीत उक्कू म्हणत, इंग्रजांनी त्याचं वूट्झ केलं. 1794 च्या सुमारास मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढे मायकेल फॅरेडेसारख्या माणसानं त्याचं कोडं उलगडण्यात काही वर्षं घालवली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. धावडांच्या भट्टीतून रूळ निघाला नसता. एका खेपेला काही शेर लोखंड देणारी ती भट्टी. तिला फाळ, कुऱ्हाड, विळा जमे. मैलोन्‌मैल एकसारखा, लाटून काढलेला रूळ ही मोठ्या झोतभट्टीची आणि वाफेवर चालणाऱ्या लाटण-यंत्रांची कामगिरी. पण अमेरिकेतही सुरुवातीला रूळ ब्रिटनमधूनच जात होते. त्यांनी 1870 साली आयात पोलादी रुळांवर टनाला 28 डॉलर जकात बसवली, आणि रुळांच्या मागणीवर त्यांचे पोलाद कारखाने उभे राहिले. रेल्वे हे लोखंडाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं. आपल्याकडे हे गिऱ्हाईक दारात उभं राहिलं आणि माल मात्र परदेशातून मागवत राहिलं.

त्यामागे एक करार होता. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, हिच्यासारख्या कंपन्यांना भांडवलावर पाच टक्के परतावा सरकारनं हमीनं दिला होता. तोटा आला तर तो हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघे. संचालक मंडळं लंडनमध्ये, भागधारक तिकडचे, खरेदीही तिकडची. हमीच्या त्या काळात गोळा झालेल्या भांडवलाचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा ब्रिटनमध्येच लोखंडी सामान आणि त्याच्या वाहतुकीवर खर्च झाला. इथे स्वस्त माल शोधण्याची गरजच कुणाला नव्हती.

रूळ आले आणि त्यांच्याच पाठीवरून विलायती पट्ट्या-सळया बंदरातून आत शिरल्या. गावच्या लोहाराला ते लोखंड स्वस्त आणि कामाला सोपं पडलं. त्याला दोष कसा द्यावा? दुसरा घाव कोळशावर पडला. रुळांखाली मैलाला दोन हजारांच्या आसपास लाकडी स्लीपर लागत. जंगलं वेगानं तुटू लागली तेव्हा सरकारला त्यांची किंमत कळली, आणि 1865 व 1878 च्या कायद्यांनी राखीव जंगलं आखली गेली. भट्टीसाठी कोळसा पाडणारा माणूस त्या हद्दीत गुन्हेगार ठरू लागला. खनिज पायाखाली होतं, हात शाबूत होते, पण सरपण गेलं. महाबळेश्वरच्या भट्ट्या अशा विझल्या.

मला सगळ्यात जास्त टोचते ती बडवाहची गोष्ट. नर्मदेकाठी, निमाडात, 1860 च्या सुमारास कर्नल कीटिंग यांच्या पुढाकारानं सरकारी लोखंड कारखाना उभा राहू लागला. त्यासाठी निल्स मितांडर हा स्वीडिश तंत्रज्ञ आला. स्वीडनमध्ये लोणारी कोळशावर उत्तम लोखंड काढत, म्हणजे दगडी कोळसा नसलेल्या मुलखाला नेमकं हवं ते ज्ञान त्याच्यापाशी होतं. झोतभट्टी बांधून झाली, यंत्रं बसली. आणि भट्टी पेटवायची वेळ आली असताना 1864 मध्ये सरकारनं हात काढून घेतला. तंत्र नव्हतं, खनिज नव्हतं, माणसं नव्हती, यातलं काहीच बडवाहला लागू पडत नाही. कुमाऊंमध्ये देचौरीलाही स्वीडिश माणसांनी असाच कारखाना उभारला होता; तोही त्याच सुमारास बंद पडला.

या फसलेल्या प्रयत्नांकडे ज्यानं गंभीरपणे पाहिलं तो माणूस आपला. 1892 साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी लोखंड उद्योगातल्या आरंभीच्या प्रयत्नांवर निबंध वाचला. खाजगी भांडवल एकट्यानं हे ओझं पेलू शकत नाही, सरकारनं पुढे व्हायला हवं, असा त्यांचा आग्रह होता. सरकारनं पाऊल उचललं नाही.

त्याआधी दहा वर्षं, 1882 मध्ये, फॉन श्वार्त्स या तज्ज्ञाचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. चांद्याजवळच्या लोहाऱ्याचं खनिज उत्तम आणि वरोऱ्याला दगडी कोळसा, असं त्यात होतं. जमशेटजी टाटांनी तो वाचला. पण खाणींचे नियम इतके जाचक होते की ते 1899 मध्ये सैल होईपर्यंत हालचाल करता आली नाही. मग त्यांचे पुत्र दोराबजी, शापुरजी सकलातवाला आणि अमेरिकन भूशास्त्रज्ञ वेल्ड चांद्याच्या जंगलात शिरले. लोहाऱ्याचं खनिज खरोखर समृद्ध निघालं, वरोऱ्याचा कोळसा मात्र कोक करायला नालायक ठरला. पुढे भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांचं 1904 चं पत्र आलं, मयूरभंजचे लोहखनिजाचे डोंगर सापडले आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला गेला. रूळ घडवणारं गाव चांद्यात वसता वसता राहिलं.

टाटा खरोखर रुळांचं पोलाद काढतील यावर रेल्वेतले वरिष्ठ अधिकारी सर फ्रेडरिक अपकॉट यांचा विश्वास नव्हता. निघालंच तर त्यातला शेर न् शेर आपण खाऊ, असं ते म्हणाल्याचं सांगतात. तरीही सरकारनं दहा वर्षं दरसाल 20,000 टन रूळ घेण्याचं कबूल केलं. बोरीबंदरच्या गाडीनंतर पन्नासहून जास्त वर्षांनी मिळालेली ही कबुली. 16 फेब्रुवारी 1912 रोजी पहिलं पोलाद ओतलं गेलं. दोनच वर्षांत महायुद्ध पेटलं, आणि साकचीहून सुमारे 2,400 किलोमीटरचे रूळ मेसोपोटेमिया, पॅलेस्टाईन, पूर्व आफ्रिकेकडे गेले.

धावड त्याआधीच भट्टीवरून उठले होते. घिसाडी, म्हणजे फिरते लोहार, अजून येतात. गावाबाहेर पाल पडतं, बाई घण घालते, पुरुष सांडशीत धरलेला तुकडा फिरवतो. लोखंड भंगारातलं, बहुतेकदा ट्रकच्या कमानीचा पाटा. त्याचा कोयता होतो. ऐरण म्हणून जमिनीत रोवलेला असतो रुळाचा एक आखूड तुकडा.