न फुटलेली पाणमोट

कळा जोर धरतात आणि एका क्षणी पाणमोट फुटते. बाळंतपणाची गोष्ट बहुतेक घरांत इथूनच सांगायला घेतात. पण क्वचित असंही होतं, की गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडतं, बाळ बाहेर येतं, तरी पाणमोट शाबूतच असते. सुईणीच्या नाहीतर डॉक्टरांच्या हातात येतो तो पातळ, चकचकीत पिशवीत बसलेला जीव. पिशवीतलं पाणी, पोटाशी घेतलेले गुडघे, कपाळाला चिकटलेलं जावळ, मिटलेल्या मुठी, सगळं आरपार दिसतं. नाळेत रक्त खेळत असतं तोवर त्याला श्वासाची निकड नसते. मग कुणीतरी तो पडदा फाडतं, पाणी सांडतं आणि बाळ पहिल्यांदा रडतं.

अशी अख्खी पिशवी फार कमी वेळा दिसते. त्यापेक्षा जास्त वेळा दिसतो तो तिचा तुकडा. पाणमोट फुटते, पण तिचा एक भाग बाळाच्या डोक्यावर, कधी थेट चेहऱ्यावर, टोपऱ्यासारखा बसून येतो. माणसांनी जपला, विकला, गळ्यात बांधला आणि न्यायासनापुढे नेला तो हाच तुकडा.

आपल्याकडे या आवरणाला उल्ब असं जुनं नाव आहे आणि त्याचा फार हृद्य उल्लेख ऐतरेय ब्राह्मणात येतो. सोमयागाची दीक्षा घेणाऱ्या यजमानाला तिथे ऋत्विज पुन्हा गर्भ बनवतात. त्याच्या अंगावर वस्त्र घालतात, ते त्याचं उल्ब. त्यावर कृष्णाजिन, म्हणजे काळविटाचं कातडं, येतं; ते जरायू, म्हणजे बाहेरचं वेष्टन. गर्भ मुठी मिटून असतो म्हणून यजमानही मुठी मिटतो. याग संपल्यावर अवभृथस्नानाला जाताना तो कृष्णाजिन उतरवून ठेवतो, वस्त्र मात्र अंगावर ठेवूनच पाण्यात उतरतो. याचं कारणही ग्रंथ देतो: मूल जरायूपासून सुटून जन्मतं, पण उल्बासकट जन्मतं. हे वाक्य रचणाऱ्याला बाळंतिणीच्या खोलीत प्रवेश नसणार. तिथली गोष्ट बाहेर आली ती एखाद्या सुईणीच्या तोंडूनच आली असली पाहिजे, इतकं ते निरीक्षण नेमकं आहे. पुढे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात उल्बाने वेढलेला गर्भ हा ज्ञान झाकणाऱ्या कामाचा दृष्टांत झाला, आणि ज्ञानेश्वरीमुळे तो मराठी घरांतही पोचला.

रोममध्ये मात्र या आवरणाला बाजार मिळाला. इ.स. २१७मध्ये सम्राट झालेल्या मॅक्रिनसच्या मुलाचं, डायाडुमेनियनचं, एक चरित्र ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ या ग्रंथात आहे. हा ग्रंथ बराच उशिरा लिहिला गेला आणि त्यातल्या पुष्कळ गोष्टी रचलेल्या आहेत. मुलाच्या डोक्यावर नेहमीचं टोपरं नव्हतं, राजमुकुटाच्या पट्ट्यासारखी बारीक कडी होती, असं तो सांगतो. तिच्यावर विश्वास ठेवण्याचं कारण नाही. पण लेखक जाता जाता जे बोलून जातो ते खरं वाटतं: सुइणी अशी टोपरी भोळ्या वकिलांना विकतात, कारण त्याने खटल्यात यश मिळतं अशी समजूत आहे. टोपरं बुडण्यापासून वाचवतं, ही पुढची समजूत इथे नाही. हव्या होत्या त्या कोर्टातल्या जिती. तो पोरगा स्वतः २१८मध्येच मारला गेला. वयाची दहा वर्षंही पुरी नव्हती.

ईशान्य इटलीतल्या फ्रिउली प्रांतात याच टोपऱ्याने माणसाचं अख्खं आयुष्य ठरत असे. तिथे त्याला अंगरखाच म्हणत, आणि तो घालून जन्मलेला तो ‘बेनान्दान्ती’. वर्षातून चार वेळा, चर्चच्या उपासाच्या दिवसांत, आपला आत्मा रात्री देहातून निघतो आणि पिकांसाठी चेटकिणींशी लढतो, असं ही माणसं सांगत. त्यांच्या हातात बडीशेपेच्या काड्या, चेटकिणींच्या हातात ज्वारीची ताटं. बेनान्दान्ती जिंकले तर सुगी, हरले तर दुष्काळ. १५७५मध्ये पाओलो गास्पारुत्तो नावाच्या गावकऱ्याबद्दल एका पाद्र्याच्या कानावर हे आलं. पुढे तो आणि चिविदालेचा दवंडीवाला बात्तिस्ता मोदुको असे दोघे इन्क्विझिशनपुढे, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयापुढे, उभे राहिले. गास्पारुत्तोने सांगितलं, की आईने ते टोपरं जपून ठेवलं होतं, त्याचाही बाप्तिस्मा करवला होता, त्यावर मिस्सा म्हणवून घेतल्या होत्या आणि तो मोठा झाल्यावर त्याच्या हाती दिलं होतं. १५८१मध्ये दोघांना सहा महिन्यांची कैद सुनावली गेली आणि नंतर ती माफही झाली. पण पुढच्या काही दशकांत चौकशीच्या दडपणाखाली त्यांचेच वारसदार ‘आम्हीच चेटकी’ असं कबूल करू लागले. इतिहासकार कार्लो गिन्झबुर्ग यांनी १९६६मध्ये हे दफ्तर पुस्तकरूपाने उलगडलं, म्हणून आज मोदुकोचा आवाज ऐकू येतो. एका आईने चांगल्या मनाने जपलेला पडदा तिच्या मुलाविरुद्ध पुरावा व्हावा, हा या सगळ्या कुळकथेतला सर्वांत जाचक भाग.

नॉर्विचचे वैद्य सर थॉमस ब्राउन यांनी १६४६मध्ये लोकभ्रमांवरच्या आपल्या ग्रंथात या टोपऱ्याचाही समाचार घेतला. हे गर्भाचं स्वाभाविक वेष्टन आहे, डोक्याबरोबर कधी बाहेर येतं, त्यात शकुन कसला, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं बरोबर होतं. व्यापार मात्र वाढतच गेला, आणि इंग्लंडमध्ये तो दर्यावर्दींच्या हातात गेला. पाण्यातून सुखरूप बाहेर आणणारी कातडी जवळ असेल तर माणूस बुडत नाही, ही त्यांची श्रद्धा. सुईण बाळाच्या तोंडावर कागद टेकवून पडदा अलगद त्यावर उचलून घेई आणि तसाच वाळवी. वाळला की तो कागदाला चिकटून राही. तो कुरकुरीत असेल तर ज्याचा त्याची तब्येत ठणठणीत, सादळला तर माणूस आजारी, असाही समज होता.

२२ जानेवारी १७८८ रोजी लंडनमध्ये कवी बायरन जन्मला तो डोक्यावर टोपरं घेऊन. त्याच्या आईच्या वकिलांचे, जॉन हॅन्सन यांचे, भाऊ जेम्स नौदलात होते. ते टोपरं त्यांनी घेतलं. जेम्स हॅन्सन काही नवखे नव्हते. कॅप्टन व्हँकुव्हरच्या जगप्रदक्षिणेत ते होते. १८००च्या जानेवारीत ते ‘ब्रेझन’ या युद्धनौकेचे कप्तान होते. २६ तारखेला पहाट होण्याआधी इंग्लिश खाडीतल्या वादळाने जहाज न्यूहेवनजवळच्या कड्याखाली खडकांवर आपटलं. शंभरावर माणसं होती. वाचला तो एकच, जेरेमाया हिल, आणि त्याला पोहता येत नव्हतं. मोडक्या लाकडांना धरून तो किनाऱ्याला लागला. हॅन्सन बुडाले. न्यूहेवनच्या चर्चच्या आवारात त्यांचा आणि खलाशांचा स्मारकस्तंभ आहे.

एवढं झाल्यावर तरी श्रद्धा डळमळायला हवी होती. तशी ती डळमळत नाही, कारण बुडालेल्याचं टोपरं त्याच्याबरोबर तळाला जातं आणि वाचलेल्याचं बंदरातल्या गुत्त्यात दहा जणांना दाखवलं जातं. वर्तमानपत्रांत टोपऱ्यांच्या जाहिराती येतच राहिल्या. डिकन्सने १८४९मध्ये ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ सुरू केली तेव्हा पहिल्याच प्रकरणात नायकाचं टोपरं १५ गिनींना विकायला काढलं. ही प्रथा वाचकांना समजावून सांगायची गरज नव्हती. सिग्मंड फ्रॉइडही १८५६मध्ये असाच जन्मला, आणि हे पोरगं नाव काढणार असं घरात मानलं गेलं. बँकेत नोकरी करून लंडनच्या गोदीभागात ताईत-गंडे गोळा करणाऱ्या एडवर्ड लव्हेट यांनी १९२५च्या आपल्या पुस्तकात याचा शेवटचा बहर नोंदवला आहे. टोपऱ्यांचा भाव पार उतरला होता. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजं बुडवू लागल्या आणि तो पुन्हा कडाडला. त्या भावात किती घरांची भीती होती, हे आकड्याशिवायही कळतं.

पुढे टोपरं दिसेनासं झालं त्यात तर्कशुद्धतेचा वाटा कमी, अवजाराचा जास्त. कळा लवकर सुरू व्हाव्यात म्हणून पाणमोट मुद्दाम फोडण्याची रीत लंडनच्या थॉमस डेन्मन यांच्यासारख्या प्रसूतिवैद्यांनी अठराव्या शतकात रूढ केली. विसाव्या शतकात ती रुग्णालयांची शिस्त झाली. १९६०च्या दशकाअखेरीस डब्लिनच्या राष्ट्रीय प्रसूती रुग्णालयात किरन ओड्रिस्कॉल यांनी बसवलेल्या पद्धतीत तर ती पहिल्या पायऱ्यांपैकी एक होती. एका लांब आकड्याने काम होई. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते, की प्रसूती लांबू नये एवढ्याचसाठी पाणमोट फोडू नये. उलट दिवस पुरे न भरलेल्या, अगदी नाजूक बाळांच्या सिझेरियनमध्ये काही सर्जन पिशवी न फोडता बाळ बाहेर काढायचा प्रयत्न करतात. आवळत्या गर्भाशयाचा दाब आधी पाण्यावर येतो, बाळाच्या अंगावर थेट येत नाही.

आणि हा पडदा दुसऱ्याला वाचवतो, या जुन्या समजुतीला एका वेगळ्याच वाटेने आधार मिळाला. पाणमोट दुपदरी असते. तिचा आतला पदर, अॅम्निऑन, याला ना रक्तवाहिन्या ना मज्जातंतू. १९१०मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉन स्टेज डेव्हिस यांनी गर्भावरणं त्वचारोपणासाठी वापरून पाहिली. १९४०मध्ये ती डोळ्यावर लावली गेली. भाजलेल्या जागेवर हा पदर ठेवला, की अंगातलं पाणी पाझरणं कमी होतं, वेदना उतरतात, आणि खाली नवी कातडी धरली की तो आपोआप सुटून येतो. ड्रेसिंग ओढून काढताना होणारा आकांत टळतो. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९८८मध्ये ऊतीपेढी सुरू केली. तिथे अॅम्निऑन वाळवून, पाकिटात बंद करून गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. एरवी वारेबरोबर टाकून दिला जाणारा हा पदर त्याआधी धुऊन घ्यावा लागतो, आईचं रक्त संसर्गासाठी तपासावं लागतं. रोमच्या वकिलाने, इंग्लंडच्या कप्तानाने दाम मोजला तेव्हा सौदा सुईणीशी झाला होता. ऊतीपेढीत पहिला कागद असतो तो आईच्या संमतीचा, आणि त्यावर सही तिचीच लागते.