स्थळप्रत आणि ढगातले दफ्तर

सरकारी नोकरीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला 'स्थळप्रत' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पत्रावर स्वाक्षरी होते, ते जावक बारनिशीत चढते आणि बाहेर पडते. त्याची एक प्रत मात्र नस्तीतच राहते. मध्य प्रदेशात आम्ही तिला हिंदीत 'कार्यालय प्रति' म्हणत असू. मराठी शब्द मला अधिक नेमका वाटतो, कारण ही प्रत आपले स्थळ सोडत नाही. पत्र पोहोचले की नाही, त्यात काय लिहिले होते, सोबत कोणते सहपत्र जोडले होते, असा वाद पुढे वीस वर्षांनी निघाला तरी त्याचा निकाल या प्रतीवरच लागतो.

मराठ्यांचा अठराव्या शतकाचा इतिहास आज लिहिता येतो तो अशाच दुहेरी साठवणीमुळे. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. त्यातील पत्रे प्रामुख्याने १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतापर्यंतची आहेत. पुढे गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग संपादित केले. या दोन प्रयत्नांतील फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. सरदेसाई एका मोठ्या सरकारी दफ्तरात बसून निवड करीत होते; राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांचे माळे आणि अडगळीच्या खोल्या धुंडाळीत होते. धन्याच्या दफ्तरात जो कागद उरला नाही, तो पुष्कळदा चाकराच्या घरी सापडला. पत्र पाठवणाऱ्याचे घर एक आणि घेणाऱ्याचे दुसरे. मध्ये शेकडो कोसांचे अंतर. एका घराला आग लागली, वाळवी लागली किंवा वंश खुंटला, तरी दुसरे घर शाबूत असे. उत्तरेत स्थायिक झालेल्या आपल्या घराण्यांपैकी ज्यांच्याकडे मोडी रुमाल होते, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

ईमेलने ही घडी मोडली, आणि ती कशी मोडली याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. इंदूरहून मुलाने पाठवलेले पत्र बडोद्याच्या आत्याला मिळते तेव्हा आपल्याला वाटते, एक प्रत इकडे आणि एक तिकडे. दोघांची खाती एकाच कंपनीची असतील, तर दोन्ही प्रती एकाच धन्याच्या वाड्यात, त्याच्याच कुलपाखाली असतात. 'क्लाउड' या शब्दाने हे आणखी झाकले जाते. ढग म्हटले की अधांतरी, सर्वत्र असलेली वस्तू डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात ती कोणाच्या तरी इमारतीतली, कोणाच्या तरी नियमांनी चालणारी यंत्रे असतात.

या नव्या दफ्तराची पहिली गाजलेली परीक्षा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत झाली. १९८६ च्या नोव्हेंबरात इराणला केलेल्या शस्त्रविक्रीचे आणि निकाराग्वातील बंडखोरांना पुरवलेल्या पैशाचे प्रकरण उघडकीस आले. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतील जॉन पॉइंडेक्स्टर आणि ऑलिव्हर नॉर्थ या अधिकाऱ्यांनी आपल्या संगणकावरील संदेश पुसून टाकले. पॉइंडेक्स्टरचे पाच हजारांहून अधिक, नॉर्थचे सातशेहून अधिक. पुसले म्हणजे संपले, अशी त्यांची समजूत होती. परंतु आयबीएमच्या 'प्रॉफ्स' नावाच्या त्या यंत्रणेची नक्कल चुंबकीय फितींवर नियमाने उतरवली जात असे. फिती दुसरीकडे होत्या आणि त्या पुसणे या दोघांच्या हातात नव्हते. त्यांवरून संदेश परत मिळाले आणि १९८७ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या टॉवर आयोगाच्या अहवालात त्यांचा उपयोग झाला.

त्यापुढील भाग मला अधिक उद्बोधक वाटतो. रेगन यांची कारकीर्द संपण्याच्या आदल्या दिवशी, १९ जानेवारी १९८९ रोजी, या फिती पुसल्या जाऊ नयेत म्हणून पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग आणि 'नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह' ही खासगी संस्था न्यायालयात गेली. सरकारचे म्हणणे असे की महत्त्वाचे संदेश कागदावर छापून ठेवले म्हणजे पुरे. १९९३ साली अपील न्यायालयाने ते मान्य केले नाही. छापील कागदावर मजकूर येतो. पण तो कोणाकोणाला गेला, केव्हा पोहोचला, ही माहिती येतेच असे नाही, म्हणून मूळ विद्युत्‌रूप संदेशही दफ्तराचाच भाग होय. जावक क्रमांक आणि तारीख नसलेली स्थळप्रत कोणता लेखापाल मानील? निकाल वाचताना मला आमच्या अभिलेखागारातील जुन्या कारकुनांची आठवण झाली.

आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत आणि तेही मोजक्या महानगरांत. पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९९६ रोजी, सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले. मुले शिकायला किंवा नोकरीला परदेशी गेली आणि आपल्या घरांतून निळ्या पत्रांची जागा फुकट ईमेलने घेतली. फुकटाची मर्यादाही तशीच होती. २००४ साली हॉटमेलवर २ मेगाबाइट आणि याहूवर ४ मेगाबाइट एवढीच जागा मिळे. नातवाची चार छायाचित्रे आली की पेटी भरे. मग जुनी पत्रे पुसून नव्यांना जागा करावी लागे. १ एप्रिल २००४ रोजी जीमेलने एकदम १ गिगाबाइट दिले आणि पुसण्याची गरज सरली. परिणाम असा की १७५९ साली उत्तरेतून पुण्यास गेलेले पत्र आज छापील रूपात वाचता येते, आणि १९९९ साली न्यू जर्सीहून ग्वाल्हेरला आलेले बहुतेक घरांत उरलेले नाही. पहिल्या दशकाचा हा कोरा पट्टा आता भरून निघणे नाही.

जागा वाढली म्हणून सुरक्षितता आपोआप वाढते असे मात्र नाही. २७ फेब्रुवारी २०११ रोजी जीमेलच्या काही ग्राहकांना आपली पेटी संपूर्ण रिकामी दिसली. कंपनीने प्रमाण शेकडा ०.०२ सांगितले. हजारात एकाहूनही कमी खरे. पण ज्याचे गेले त्याचे सगळेच गेले होते. प्रत्येक पत्राच्या अनेक प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेल्या असूनही हे घडले, कारण साठवणीच्या प्रणालीत केलेल्या बदलातील दोष त्या सर्वच प्रतींना भोवला. तारले ते पुन्हा फितींनी. त्या जाळ्याला जोडलेल्या नव्हत्या, म्हणून दोषाचा हात त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. त्यांवरून पत्रे परत भरण्यास वेळ लागला, पण ती परत आली. जगातील अतिप्रगत कंपनीनेही अखेर कपाटातल्या फितीवर भिस्त ठेवावी, हे आम्हा जुन्या कचेरीवाल्यांना सुखावणारे आहे.

अपघातापेक्षा धोरणाने जाणारे दफ्तर अधिक. याहू ग्रुप्सवर अनेकांची वर्षानुवर्षांची पत्रे आणि छायाचित्रे होती. ती सेवा १५ डिसेंबर २०२० रोजी कायमची मिटली. सलग दोन वर्षे न वापरलेली खासगी खाती पुसण्याचे गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केले आणि त्या डिसेंबरपासून अंमल सुरू केला. आपल्या वाचकांवर याचा भार विशेष पडतो. माझ्या परिचयाच्या एका घराण्यात कुलवृत्तान्ताचे काम एका वृद्ध गृहस्थांनी केले. निरनिराळ्या गावांच्या शाखांनी त्यांना सनदांची, जन्मटिपणांची आणि श्राद्धाच्या नोंदींची छायाचित्रे ईमेलने पाठवली. गृहस्थ निवर्तले, परवलीचा शब्द कोणाला ठाऊक नव्हता. छापील पुस्तकासाठी काढलेल्या टिपणांपलीकडे आता काही हाती नाही.

तेव्हा प्रत कशी काढावी, हे थोडक्यात सांगतो. गूगलच्या 'टेकआउट' सोयीने सगळी पत्रे सहपत्रांसह एका गठ्ठ्यात उतरवून घेता येतात. गठ्ठा एमबॉक्स या प्रकारचा असतो आणि थंडरबर्डसारख्या मोफत प्रणालीत तो वाचता येतो. उतरवून घेण्याचा दुवा काही दिवसांतच निरुपयोगी होतो, म्हणून आळस नको. तो गठ्ठा त्याच खात्याच्या ड्राइव्हमध्ये ठेवणे म्हणजे स्थळप्रत मूळ पत्राच्याच पाकिटात घालणे. खाते गेले की दोन्ही गेली. दुसऱ्या कंपनीच्या क्लाउडवर एक प्रत आणि घरातील सुट्या हार्ड डिस्कवर एक, ही वाटणी बरी. डिस्क काम झाले की संगणकापासून वेगळी करावी, फितींप्रमाणे. सहपत्रांबाबत एक सूक्ष्म गोष्ट आहे. २५ मेगाबाइटपेक्षा मोठे सहपत्र जीमेल पत्रासोबत पाठवीत नाही, त्याऐवजी ड्राइव्हचा दुवा पाठवते. पत्र आपल्याकडे राहते, पण सहपत्र पाठवणाऱ्याच्याच घरी असते आणि त्याने पुसले की आपल्याकडचा दुवा पोकळ होतो. पत्रांचा गठ्ठा उतरवला तरी त्यात नुसता दुवाच येतो. अशी सहपत्रे आली त्याच दिवशी वेगळी उतरवून घ्यावीत आणि फाइलीच्या नावात तारीख, गाव व पाठवणाऱ्याचे नाव घालावे.

राहिला वारसांचा प्रश्न. गूगलने एप्रिल २०१३ पासून 'निष्क्रिय खाते व्यवस्थापक' दिला आहे. आपण ठरवलेल्या मुदतीपर्यंत, तीन महिन्यांपासून अठरा महिन्यांपर्यंत, खाते वापरले गेले नाही तर आपण नेमलेल्या व्यक्तींना कळवले जाते आणि आपण मुभा दिलेला मजकूर त्यांना उतरवून घेता येतो. अशा दहा व्यक्ती नेमता येतात. त्यांतील निदान एक दुसऱ्या गावातील, धाकट्या पिढीतील असावी, आणि कोणत्या डिस्कवर काय आहे याचा कागद घराच्या इतर दस्तऐवजांसोबत ठेवावा.