तमिळ चित्रपटातील नायिकांचा साजशृंगार

तमिळ चित्रपटातील नायिकेचा साज मूळचा रंगभूमीचा आहे. पहिला तमिळ बोलपट ‘कालिदास’ (१९३१) अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीने मुंबईत तयार केला. त्याची नायिका टी. पी. राजलक्ष्मी नाटकांतून आली होती. सुरुवातीचे बहुतेक बोलपट पौराणिक असल्याने नाटकातली वेशभूषाच पडद्यावर आली.

दुसरा वारसा नृत्याचा. भांगातली बिंदी, तिच्या दोन बाजूंना सूर्य-चंद्र, वेणीवर नागाच्या आकाराचा दागिना, दंडात वाकी, कमरेला पट्टा आणि कानांत झुमके हा भरतनाट्यमचा साज होता. ‘हरिदास’ (१९४४) आणि ‘चंद्रलेखा’ (१९४८) या चित्रपटांच्या नायिका टी. आर. राजकुमारी यांच्या काळात तो लोकप्रिय झाला. ‘तिल्लाना मोहनांबाळ’मध्ये (१९६८) पद्मिनी यांनी तोच दिमाखाने मिरवला. सुरुवातीच्या कृष्णधवल चित्रपटांत रंगांचा उपयोग नसल्यामुळे रुंद काठ, ठसठशीत कुंकू आणि काजळाची ठळक रेघ यांवर भर असे.

१९५६ साली ‘अलिबाबावुम् नार्पदु तिरुडर्गळुम्’ हा पूर्ण लांबीचा पहिला रंगीत तमिळ चित्रपट आला. त्यात भानुमती नायिका होत्या. पुढच्या दशकात रंगीत चित्रपट वाढले, तसा साड्यांच्या रंगसंगतीला भाव आला. दिग्दर्शक श्रीधर यांच्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’ (१९६४) या विनोदी चित्रपटातून शहरी तरुणी पुढे आली. ‘अन्बे वा’मध्ये (१९६६) सरोजादेवी यांनीही असाच आधुनिक साज केला. उंच फुगवलेली केशरचना, डोळ्यांच्या कोपऱ्याबाहेर ओढलेले काजळ आणि अंगासरशी बसणारे कपडे ही या दशकाची ओळख ठरली. तरीही कांजीवरम साडी, मोगऱ्याचा गजरा आणि कुंकू मागे पडले नाही.

दिग्दर्शक भारतीराजा यांच्या ‘पदिनारु वयदिनिले’ने (१९७७) स्टुडिओतला झगमगाट बाजूला सारला. त्यात श्रीदेवी परकर आणि दावणी (अर्धी साडी) नेसलेल्या, साध्या खेडवळ मुलीच्या रूपात दिसल्या. १९८५ च्या ‘पूवे पूचूडवा’नंतर मुंबईत वाढलेल्या नदिया यांची कर्णभूषणे आणि बांगड्या इतक्या गाजल्या, की दुकानांतून त्या ‘नदिया’ याच नावाने विकल्या जाऊ लागल्या.

नाटक, नृत्य, रंगीत फिल्म आणि खेड्यातले चित्रण यांनी हा साज वेळोवेळी बदलला. प्रत्येक बदलात जुने दागिने आणि साडी टिकून राहिली, हेच या परंपरेचे खरे बळ आहे.